लोकसभेचा प्रचार मतदाराने कसा अभ्यासावा

लोकसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यापासून मतमोजणीपर्यंत मतदारावर जो शब्दांचा मारा होतो, त्यातील बहुतेक भागाचा त्याच्या स्वतःच्या मतदारसंघाशी संबंध नसतो. दूरचित्रवाणीवर दुसऱ्याच राज्यातील सभा चालू असते, मोबाईलवर एखाद्या राष्ट्रीय नेत्याच्या भाषणातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरत असतो, आणि आपल्या मतदानयंत्रावर ज्यांची नावे येणार आहेत त्यांच्यापैकी दोघा-तिघांखेरीज कोणाबद्दलही आपल्याला काही सांगता येत नाही. या लेखात सुचवलेला क्रम त्यामुळे थोडा उलटा आहे. उमेदवार कायद्याने जे लिहून द्यायला बांधील आहे ते आधी वाचावे आणि तो स्वखुशीने जे बोलतो ते नंतर ऐकावे.

पहिले काम मात्र स्वतःचेच आहे. मतदार यादीत आपले नाव आहे का आणि कोणत्या मतदान केंद्रावर आहे, हे निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर, आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर पाहता येते. हाती जुने ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव असेलच, असे नाही. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीपुरती यादीत नव्या नावांची भर घालता येत नाही आणि अर्जाच्या पडताळणीलाही काही दिवस लागतात, म्हणून हे काम निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच उरकलेले बरे.

त्यानंतर मतदारसंघाचा नकाशा समजून घ्यावा. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आहेत आणि प्रत्येक लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. नावावरून अंदाज बांधला तर फसगत होते. मावळ मतदारसंघात पनवेल, कर्जत आणि उरण हे रायगड जिल्ह्यातील भाग आहेत. माढा मतदारसंघात सोलापूर जिल्ह्याबरोबर सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माण येतात. आपल्या सहा विधानसभा मतदारसंघांची नावे पाठ असली की वर्तमानपत्राच्या तालुका पानावरील बातम्यांना अर्थ येतो. उमेदवार कोठे रोज जातो आणि कोठे एकदाही फिरकत नाही, हेही लक्षात येऊ लागते.

वेळापत्रकाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत अर्ज भरता येतात, दुसऱ्या दिवशी छाननी होते, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते आणि त्यानंतर किमान चौदा दिवस गेल्याखेरीज मतदान घेता येत नाही. म्हणजे अंतिम उमेदवार निश्चित झाल्यावरचा खरा प्रचार साधारण दोन आठवड्यांचा असतो. २०२४ मध्ये देशभरातील मतदान १९ एप्रिल ते १ जून या काळात सात टप्प्यांत झाले आणि महाराष्ट्र त्यापैकी पहिल्या पाच टप्प्यांत होता. विदर्भातील मतदारसंघांतील प्रचार संपला होता, तेव्हा मुंबईत तो जेमतेम तापू लागला होता. आपला टप्पा कोणता हे पाहून स्वतःच्या वाचनाची आखणी करावी. अर्ज भरण्याचा पहिला दिवस ते माघारीचा शेवटचा दिवस हा आठवडा-दीड आठवडा सर्वांत महत्त्वाचा असतो. त्या काळात कागद उपलब्ध होतात आणि कोलाहल अजून टिपेला पोहोचलेला नसतो. बंडखोर कोण, त्यापैकी कोणी माघार घेतली, कोणत्या पक्षाने शेवटच्या क्षणी कोणाला ए-बी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचे पत्र) दिला, या घडामोडींतून पक्षांच्या जाहीर भूमिकेपेक्षा बरेच काही कळते.

शपथपत्र कसे वाचावे

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या निकालात म्हटले आणि त्यातून ही व्यवस्था आली. ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील फलकावरही ती लावली जातात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या मायनेता संकेतस्थळावर जुन्या निवडणुकांची शपथपत्रेही सापडतात. तुलनेसाठी ती फार उपयोगी पडतात.

शपथपत्राच्या प्रती अनेकदा स्कॅन केलेल्या, तिरक्या आणि कंटाळवाण्या असतात. तरीही तीन भाग चुकवू नयेत. पहिला प्रलंबित गुन्ह्यांचा. येथे केवळ खटल्यांची संख्या मोजणे चुकीचे ठरते. पाणीप्रश्नावरील रास्ता रोकोत जमावबंदी मोडल्याचे दहा गुन्हे आणि फसवणुकीचा किंवा महिलेवरील अत्याचाराचा एक गुन्हा यांचे वजन सारखे नाही. म्हणून कलमे वाचावीत, न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का ते पाहावे, आणि प्रलंबित खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दुसरा भाग मालमत्ता आणि कर्जांचा. उमेदवार, त्याचा जोडीदार आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींची मालमत्ता, मागील पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्न आणि सरकारी थकबाकी येथे नोंदवलेली असते. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र शेजारी ठेवावे आणि वाढ कशातून झाली ते तपासावे. जमिनीचे बाजारमूल्य वाढणे वेगळे आणि नव्या जमिनी खरेदी होणे वेगळे. खरेदीचे वर्ष आणि त्या वेळची किंमत यांचे रकाने याच कामासाठी असतात. तिसरा भाग उत्पन्नाच्या स्रोताचा आणि सरकारी कंत्राटांचा. सहसा याकडे कोणी पाहत नाही. संसदेत ज्या विषयावर हा माणूस बोलणार आहे त्यात त्याचा व्यवसाय गुंतलेला आहे का, याचा माग येथे लागू शकतो. रकाने कोरे ठेवून चालत नाही. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावेच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

गुन्हे नोंद असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचारकाळात तीन वेळा वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध करावी लागते. गुन्हे नसलेला उमेदवार सोडून याच व्यक्तीची निवड का केली, याची कारणे पक्षालाही जाहीर करावी लागतात आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण पुरेसे मानले जात नाही. ही जाहिरात बारीक टाइपात आतल्या पानावर येते. पक्षाने दिलेली कारणे मात्र जरूर वाचावीत. एकाच पक्षाच्या अनेक उमेदवारांसाठी शब्दशः तेच वाक्य वापरलेले दिसले, तर त्या पक्षाने या अटीकडे कसे पाहिले ते आपोआप कळते.

नाव आणि चिन्ह

माघारीनंतर अंतिम यादी आली की ती पूर्ण वाचावी, अपक्षांसह. २०१४ मध्ये रायगडमध्ये सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पराभव झाला आणि त्याच निवडणुकीत तटकरे यांच्या नामसाधर्म्याच्या अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली. २०२४ मध्ये साताऱ्यात पराभूत उमेदवाराचे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि एका अपक्षाचे पिपाणी या चिन्हांच्या गोंधळाची बरीच चर्चा झाली, कारण पिपाणी चिन्हावरील अपक्षाची मते विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त होती. अशा मतांपैकी किती चुकून पडली हे कोणीही सिद्ध करू शकत नाही. पण आपले मत तरी त्यांत नसावे, एवढे आपल्या हातात असते. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या पक्षांच्या फुटीनंतर महाराष्ट्रात जुनी चिन्हे आणि जुने नेते यांच्या जोड्या बदलल्या आहेत, त्यामुळे सवयीवर विसंबणे येथे अधिकच धोक्याचे आहे. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्रही असते. नाव, चिन्ह आणि छायाचित्र हे तिन्ही जुळले की बटण दाबावे आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी पाहूनच बाहेर पडावे.

आश्वासन कोणाच्या अखत्यारीतले आहे

प्रचारात सर्वांत जास्त गल्लत होते ती येथे. गल्लीतील गटारापासून परराष्ट्र धोरणापर्यंत सर्व काही एकाच भाषणात येते आणि टाळ्याही सारख्याच पडतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची अशी विषयांची वाटणी आहे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि पाणीपुरवठा हे राज्याचे विषय आहेत; रेल्वे, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, राष्ट्रीय महामार्ग आणि परदेशी व्यापार केंद्राकडे आहेत; शिक्षण आणि वने समवर्ती सूचीत आहेत. खासदारकीचा उमेदवार नळाला रोज पाणी देण्याचे आश्वासन देतो तेव्हा त्यासाठी केंद्राची कोणती योजना, किती निधी आणि राज्याचा किती वाटा, हे विचारावे. उत्तर नसेल तर तो महापालिकेचा प्रचार लोकसभेच्या व्यासपीठावरून करतो आहे, असे समजावे.

याच्या उलट, थेट लोकसभेचा म्हणावा असा मुद्दा कांद्याचा होता. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ च्या सुरुवातीला, प्रचार चालू असताना, ती किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटींवर उठवली. नाशिक आणि दिंडोरी भागात तो प्रचाराचा कळीचा मुद्दा झाला. निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो, त्यामुळे खासदाराला त्याबद्दल जाब विचारणे सयुक्तिकच होते. आपल्या भागातील असे दोन-तीन प्रश्न निवडून प्रत्येक प्रमुख उमेदवार त्यांवर नेमके काय म्हणतो, त्याची तारखेसह नोंद ठेवावी. वहीची दोन पाने पुरतात.

जाहीरनामे मोठे असतात आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. शेती, रोजगार, कर, शिक्षण यांपैकी आपल्याशी संबंधित प्रकरण उघडावे आणि त्यात कालमर्यादा, आकडा आणि पैशाची सोय आहे का ते शोधावे. आश्वासनामागील तर्क आणि ते पुरे करण्यासाठी पैसा कोठून आणणार, हे जाहीरनाम्यात सांगितले जावे, अशी निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेची अपेक्षा आहे. ती किती पाळली जाते हे ज्याने त्याने पाहावे. ‘प्रयत्न करू’, ‘चालना देऊ’, ‘विचार करू’ अशा क्रियापदांवर संपणारी वाक्ये बाजूला काढली की जाडजूड जाहीरनामाही चटकन वाचून होतो.

विद्यमान खासदार पुन्हा उभा असेल तर त्याच्या कामाची नोंद संसदेच्या संकेतस्थळावर आहे आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ती सोप्या रूपात मांडते. उपस्थिती, विचारलेले प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि खासगी विधेयके तेथे दिसतात. मंत्री उपस्थितीच्या नोंदवहीत सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, म्हणून त्यांच्या नावापुढील रिकाम्या रकान्यावरून निष्कर्ष काढू नये. इतरांच्या बाबतीतही प्रश्नांची संख्या फसवी असते. पाचशे प्रश्नांपैकी मतदारसंघाशी किंवा एखाद्या धोरणाशी संबंधित किती, हे पाहायचे असेल तर प्रश्नांच्या शीर्षकांवरून नजर फिरवावी लागते. या कामाला अर्धा तास लागतो आणि कोणत्याही सभेपेक्षा त्यातून अधिक हाती येते, असे माझे मत आहे. खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. त्यातून खासदार कामे सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ती करते. सहा विधानसभा मतदारसंघांच्या मानाने ही रक्कम लहान आहे, तरी प्रचारपत्रकांतील फोटो बहुधा याच निधीतून झालेल्या सभामंडपांचे आणि प्रवेशद्वारांचे असतात. खासदाराची पारख त्यावरून करू नये.

सभा, पत्रके आणि पैसा

जंगी सभेला जायला हरकत नाही, पण तेथे प्रश्न विचारता येत नाही. कोपरा सभा, पदयात्रा, गृहनिर्माण संस्थेतील किंवा व्यापारी संघटनेतील बैठक येथे उमेदवार हाताच्या अंतरावर असतो. प्रश्न एकच, लहान आणि आकड्याचा असावा. उत्तर ऐकताना तो आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो की विरोधकाच्या पापांचा पाढा वाचतो, एवढे पाहिले तरी पुरे.

मोठ्या सभांच्या खर्चाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. पण उमेदवार त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसला किंवा त्याच्या नावाने मते मागितली गेली, तर सभेच्या खर्चातील वाटा त्याच्या हिशेबात धरला जातो. एखाद्या सभेत उमेदवार खाली प्रेक्षकांत का बसला आहे, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते.

हातात पडणाऱ्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता असणे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. निनावी पत्रक, विशेषतः एखाद्या उमेदवाराच्या जातीबद्दल किंवा खासगी आयुष्याबद्दलचे, मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत दारात येऊन पडले, तर त्यातील मजकुरापेक्षा ही नावे गाळण्यामागचा हेतू महत्त्वाचा मानावा. वृत्तपत्रांतही सावध राहावे. दोन वेगवेगळ्या दैनिकांत तोच मजकूर आणि तेच छायाचित्र बातमी म्हणून आले, तर ती पैसे देऊन छापलेली बातमी असण्याची शक्यता असते. अशा बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. रोज दोन भिन्न कलांची वर्तमानपत्रे चाळणे हा जुनाच उपाय आहे. त्याला अजून पर्याय सापडलेला नाही.

मोबाईलवर येणाऱ्या चित्रफितींबाबत नियम साधा ठेवावा: मूळ भाषण पूर्ण सापडत नसेल तर तुकड्यावरून मत बनवू नये आणि तो पुढेही पाठवू नये. २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या बनावट चित्रफितींचा प्रश्न इतका वाढला की, निदर्शनास आलेला असा मजकूर तीन तासांत काढावा, असे निवडणूक आयोगाला पक्षांना बजावावे लागले. फेसबुक आणि गुगल यांच्या राजकीय जाहिरातींच्या नोंदी सार्वजनिक आहेत. आपल्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या जाहिरातीचे पैसे कोणी भरले, हे तेथे पाहता येते आणि काही वेळा ते नाव पक्षाचे किंवा उमेदवाराचे नसते.

जनमत चाचण्यांवर फार वेळ घालवू नये. त्या मतांची टक्केवारी मोजायचा प्रयत्न करतात आणि मग त्यावरून जागांचा अंदाज बांधतात. ही दुसरी पायरी निसरडी असते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांतील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते, जागा मात्र ३० आणि १७ अशा पडल्या. त्याच वर्षी बहुतेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या पुढे नेऊन ठेवले होते, प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. ‘आपला उमेदवार हरणारच आहे’ किंवा ‘जिंकणारच आहे’ म्हणून घरी बसणाऱ्यांनी मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघ आठवावा. तेथे २०२४ मध्ये निकाल ४८ मतांनी लागला.

आचारसंहितेचा भंग दिसला तर चडफडत बसण्यापेक्षा निवडणूक आयोगाची सी-व्हिजिल ही मोबाईलवरील तक्रार सुविधा वापरावी. त्यात छायाचित्र किंवा चित्रफीत जागेवरच काढावी लागते, जुनी जोडता येत नाही. ठिकाण आपोआप नोंदवले जाते, नाव न देताही तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. पैसे किंवा भेटवस्तूंचे वाटप, रात्री दहानंतरचे ध्वनिक्षेपक, सरकारी वाहनाचा प्रचारासाठी वापर, धर्माच्या नावाने मतांची मागणी हे सर्व तक्रारीचे विषय आहेत. आचारसंहिता स्वतः कायदा नाही, पण यांतील लाच आणि धर्माच्या आधारे आवाहन ही कृत्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणातही मोडतात आणि त्यांवरून निवडणूक रद्द होऊ शकते.

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. वहीची ती दोन पाने आणि शपथपत्रातील टिपणे या वेळात शांतपणे पुन्हा वाचावीत. कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’चा (यांपैकी कोणीही नाही) पर्याय २०१३ पासून यंत्रावर आहे, मात्र नोटाला सर्वाधिक मते पडली तरी लोकसभेच्या निवडणुकीत पुढच्या क्रमांकाचा उमेदवारच विजयी ठरतो, हे जाणून तो निवडावा.

निकालानंतर दोन मुदती उरतात. निकालापासून ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, पराभूतालाही, खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो कोणालाही पाहता येतो आणि अल्प शुल्कात त्याची प्रत मिळते. निवडणुकीला आव्हान देणारी याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते आणि ती करण्याचा अधिकार उमेदवारांप्रमाणेच त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला आहे.